मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे उपप्रकार आणि मायक्रोआरएनए: गाठ कोणत्या पेशीतून आली, हे कसे ओळखावे?

पारिजात

मूत्रपिंडात सापडलेल्या गाठीला आपण सरसकट ‘किडनीचा कॅन्सर’ म्हणतो, पण त्या एका नावाखाली स्वभावाने अगदी निराळे असलेले अनेक आजार येतात. साधारण तीन चतुर्थांश गाठी क्लिअर सेल प्रकारच्या असतात, १० ते १५ टक्के पॅपिलरी आणि ५ टक्क्यांच्या आसपास क्रोमोफोब. यांच्याच जोडीला ऑन्कोसायटोमा नावाची एक गाठ असते. ती कर्करोग नाही, पण सीटी स्कॅनवर ती कर्करोगासारखीच दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्रोमोफोबच्या एका रूपाशी तिचे इतके साम्य असते की अनुभवी पॅथॉलॉजिस्टही अडखळतात. चार सेंटिमीटरपेक्षा लहान असलेल्या आणि शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींपैकी सुमारे पाचातली एक शेवटी निरुपद्रवी निघते, ही गोष्ट लक्षात घेतली की उपप्रकार ओळखण्याचा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा राहत नाही. मूत्रपिंडाचा भाग काढायचा की गाठीवर नुसते लक्ष ठेवायचे, आणि आजार पसरला असेल तर कोणते औषध द्यायचे, हे त्यावर ठरते.

गेली काही वर्षे मी प्रयोगशाळेत आरएनएवर काम करते आहे, आणि या प्रश्नावर मायक्रोआरएनएचा उपयोग कितपत होतो यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ अक्षरांचा, म्हणजे २२ न्यूक्लिओटाइडांचा, आरएनएचा लहानसा तुकडा. त्यापासून प्रथिन तयार होत नाही. पेशीच्या केंद्रकात त्याची लांब प्रत तयार होते, ड्रोशा नावाचे विकर तिला छाटते, केंद्रकाबाहेर आल्यावर डायसर हे दुसरे विकर तिला आणखी छाटते, आणि उरलेला तुकडा आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो. मग हे जोडपे पेशीतल्या संदेशवाहक आरएनएवर आपल्याशी जुळणारी अक्षरे शोधते आणि त्या संदेशाचे प्रथिनात रूपांतर होऊ देत नाही. दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतची जुळणी यात सर्वांत महत्त्वाची असते, आणि ती इतकी लहान असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर अंकुश ठेवू शकतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत याचे पहिले उदाहरण दाखवले, आणि त्या कामासाठी त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगाशी असलेला संबंध २००२ मध्ये पुढे आला, जेव्हा एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार हरवतो त्यात मिर-१५ आणि मिर-१६ यांची जनुके असल्याचे दिसले. (या क्षेत्रात ‘मिर’ असाच उच्चार होतो, म्हणून मीही तसेच लिहिते.)

उपप्रकार ओळखण्यासाठी मात्र २००५ मधले एक निरीक्षण मला जास्त मोलाचे वाटते. सुमारे २०० मायक्रोआरएनएंची पातळी मोजली तर कर्करोग कोणत्या ऊतीतून उगम पावला आहे हे ओळखता येते, आणि ज्या गाठींनी आपले मूळ रूप जवळजवळ गमावले आहे अशांच्या बाबतीत ही ओळख हजारो संदेशवाहक आरएनए मोजून केलेल्या ओळखीपेक्षा सरस ठरते, असे त्या अभ्यासात दिसले. पेशीने आपला चेहरा बदलला तरी तिचे कूळ सांगणारी खूण मायक्रोआरएनएमध्ये बराच काळ टिकून राहते.

मूत्रपिंडाला हे विशेष लागू पडते, कारण तिथे उपप्रकार आणि उगमस्थान यांचा थेट संबंध आहे. रक्त गाळले गेल्यावर ते द्रव ज्या नलिकेतून वाहते तिच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशींशी क्लिअर सेल आणि पॅपिलरी गाठींचे नाते आहे. क्रोमोफोब आणि ऑन्कोसायटोमा यांचे नाते नलिकेच्या शेवटच्या टोकाकडील, आम्लाचे नियंत्रण करणाऱ्या पेशींशी आहे. त्यामुळे चार नावांचा हा प्रश्न प्रत्यक्षात दोन पायऱ्यांचा होतो: आधी नलिकेचे कोणते टोक, आणि मग त्या टोकाकडील दोघांपैकी कोण.

२०१० मध्ये इस्राएलमधील रोसेटा जिनॉमिक्स या कंपनीच्या संशोधकांनी नेमकी हीच वाट धरून सहा मायक्रोआरएनएंचा निर्णयवृक्ष मांडला. पहिल्या पायरीवर मिर-२१० आणि मिर-२२१ यांच्या पातळीवरून गाठींची दोन जोड्यांत विभागणी होते. त्यानंतर क्लिअर सेल आणि पॅपिलरी यांच्यात निवड करायला मिर-३१ आणि मिर-१२६, तर क्रोमोफोब आणि ऑन्कोसायटोमा यांच्यात निवड करायला मिर-२००सी आणि मिर-१३९ वापरले जातात. २०११ मध्ये टोरांटोतील गटानेही अशीच टप्प्याटप्प्याने निवड करणारी पद्धत प्रसिद्ध केली आणि त्यांच्या नमुन्यांत ती जवळजवळ अचूक ठरली.

या खुणा कुठून येतात हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक क्लिअर सेल गाठींत तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. निरोगी पेशीत ऑक्सिजन पुरेसा असताना या जनुकाचे प्रथिन ‘हिफ’ नावाच्या प्रथिनाला नष्ट करवते. ते निकामी झाले की पेशीला ऑक्सिजन मिळत असूनही ती गुदमरल्यासारखी वागू लागते. मिर-२१० हा हिफच्या थेट आज्ञेत असल्यामुळे क्लिअर सेल गाठीत तो भरपूर सापडतो. ही खूण केवळ आकडेवारीतून हाती आलेली नाही, तिच्यामागे आजाराचे कारण उभे आहे, आणि म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास जास्त आहे. मिर-२१ चेही असेच असावे असे मला वाटते. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. पॅपिलरी गाठींत या गुणसूत्राची जादा प्रत वारंवार असते आणि क्रोमोफोबमध्ये ते वारंवार हरवलेले असते. मिर-२१ ची पातळी क्लिअर सेल आणि पॅपिलरीत जास्त, क्रोमोफोब आणि ऑन्कोसायटोमात कमी, असे अभ्यासांत दिसलेही आहे.

आता माझा मुद्दा मांडते. काढलेल्या ऊतीवर उपप्रकार ओळखण्याची मायक्रोआरएनएची क्षमता खरी आहे आणि तिला जैविक आधार आहे. तरीही २०१० पासून आजवर ही तपासणी रोजच्या व्यवहारात रुजलेली नाही, आणि रोसेटा जिनॉमिक्स ही कंपनीच २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. याचे कारण ‘आणखी चांगला मायक्रोआरएनए सापडला नाही’ हे नसून, जिथे तपासणीची गरज आहे अशा अवघड गाठींवर ती पुरेशी पारखली गेली नाही, हे आहे असे माझे मत आहे. जाणकारांनी आपले मत अवश्य लिहावे.

कृष्णाकाठ

पारिजातताई, तुमचा लेख दोनदा वाचला. माझ्या सासऱ्यांच्या उजव्या मूत्रपिंडात तीन सेंटिमीटरची गाठ पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडली. सुईने बायॉप्सी केली, आणि अहवालात ‘ऑन्कोसायटिक निओप्लाझम, क्रोमोफोब प्रकार पूर्णपणे नाकारता येत नाही’ असे, म्हणजे ऑन्कोसायटोमा की क्रोमोफोब हे ठरवता येत नाही असे, आले. घरात सर्वांना वाटले की डॉक्टरांनी स्पष्ट सांगण्याचे टाळले. तुमच्या लेखामुळे ही अडचण खरोखरीची आहे एवढे तरी समजले. माझे दोन प्रश्न आहेत. बायॉप्सीचा जो मेणाचा ठोकळा रुग्णालयात ठेवलेला असतो, त्यावर मायक्रोआरएनएची तपासणी करता येते का? आणि ती नेमकी कशी करतात, म्हणजे त्यासाठी काही फार दुर्मीळ यंत्र लागते का?

पारिजात

कृष्णाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि मायक्रोआरएनएची ही सर्वांत मोठी सोय आहे. ऊती फॉर्मेलिनमध्ये ठेवली आणि नंतर मेणात बसवली की तिच्यातल्या लांब आरएनएचे तुकडे पडतात, त्यामुळे जुन्या ठोकळ्यांतून संदेशवाहक आरएनए नीट मोजणे कठीण जाते. मायक्रोआरएनए मुळातच २२ अक्षरांचा असल्यामुळे त्याचे आणखी तुकडे होण्याला फारसा वाव नसतो, शिवाय आर्गोनॉट प्रथिनाच्या कवेत तो सुरक्षित राहतो. ताज्या गोठवलेल्या ऊतीत आणि मेणातल्या ऊतीत मोजलेल्या पातळ्या एकमेकींशी चांगल्या जुळतात असे अनेक प्रयोगशाळांनी पाहिले आहे.

यंत्राबद्दल सांगायचे तर कोविडच्या काळात आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात जी आरटी-पीसीआर तपासणी होत होती, तेच यंत्र इथेही चालते. त्या वेळी अहवालावर ‘सीटी व्हॅल्यू’ असायची, ती आठवत असेल. नमुन्यातला आरएनए यंत्राला दिसू लागेपर्यंत दुपटीच्या किती फेऱ्या कराव्या लागल्या, हे तो आकडा सांगतो. आकडा जितका कमी तितका आरएनए जास्त, आणि एका आकड्याचा फरक म्हणजे साधारण दुपटीचा फरक. मायक्रोआरएनए फार आखूड असल्यामुळे त्याला आधी केसाच्या आकड्यासारखा वळलेला एक तुकडा जोडून लांब करून घ्यावे लागते, एवढाच काय तो मुख्य फरक.

मात्र कोविडमध्ये प्रश्न ‘विषाणू आहे की नाही’ असा होता. इथे सर्व गाठींत सर्व मायक्रोआरएनए थोडेबहुत असतातच आणि प्रश्न ‘किती’ असा असतो, त्यामुळे कशाच्या तुलनेत किती, हे ठरवणे हाच या कामातला सर्वांत नाजूक भाग होऊन बसतो. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. अशा अहवालानंतर प्रथिनांवर आधारित आणखी काही रंजने, म्हणजे ऊतीच्या कापात ठरावीक प्रथिन रंगाने दाखवणाऱ्या तपासण्या, करता येतात, आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड पाहून घेण्याची प्रथाही सर्वमान्य आहे. तसे विचारण्यात संकोच बाळगू नये.

वैनगंगा

मी विदर्भात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करतो. पारिजात यांच्या लेखातील विज्ञानाशी मी सहमत आहे, परंतु स्लाइडसमोर बसणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी मांडणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट अशी की बहुसंख्य गाठींसाठी आम्हाला मायक्रोआरएनएची गरजच भासत नाही. ठरावीक क्लिअर सेल गाठ साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंजनावर ओळखू येते. शंका आली तर सीए-नाइन हे प्रथिन तिच्या पेशींच्या कडांवर चौकटीसारखे उमटते, पॅपिलरीत एएमएसीआर ठळक दिसते, आणि क्रोमोफोबमध्ये सीके-सेव्हन बहुतेक सर्व पेशींत पसरलेले असते, तर ऑन्कोसायटोमात ते एखाददुसऱ्या विखुरलेल्या पेशीतच दिसते. सीडी-११७ मात्र या दोघांतही असते, त्यामुळे त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्यास ते कामाचे नाही. ही रंजने जिल्ह्याच्या ठिकाणी नसली तरी मोठ्या शहरांत सहज होतात आणि एक-दोन दिवसांत निकाल मिळतो. नवीन तपासणीची तुलना साध्या डोळ्यांनी पाहिलेल्या स्लाइडशी न करता या रंजनांशी व्हायला हवी. बऱ्याच शोधनिबंधांत तशी तुलना केलेली नसते, ही माझी मुख्य तक्रार आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. चार कप्प्यांची ही पद्धत २०१० च्या सुमारास योग्य होती, पण त्यानंतर वर्गीकरणच बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात पॅपिलरीचे टाइप एक आणि टाइप दोन हे जुने विभाजन काढून टाकले गेले. क्लिअर सेल पॅपिलरी या गाठीचे वर्तन इतके सौम्य आढळले की तिच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्दच वगळला गेला. टीएफई-थ्री या जनुकाच्या पुनर्रचनेमुळे होणाऱ्या किंवा फ्युमरेट हायड्रेटेज निकामी झाल्याने होणाऱ्या गाठींना स्वतंत्र स्थान मिळाले. ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब यांच्या मधल्या प्रदेशात आता निम्न श्रेणीची ऑन्कोसायटिक गाठ ओळखली जाते, जिच्यात सीके-सेव्हन असते पण सीडी-११७ नसते. बर्ट-हॉग-ड्युबे या आनुवंशिक विकारात तर एकाच गाठीत दोन्ही प्रकारांचे मिश्रण आढळते. चारच नावे ठाऊक असलेली तपासणी अशा गाठीला त्या चारपैकी एका कप्प्यात बळेच बसवते, आणि अहवालावर मात्र पूर्ण खात्री असल्यासारखा आकडा छापला जातो. ‘ही गाठ माझ्या ओळखीची नाही’ असे म्हणण्याची सोय त्या तपासणीत असायला हवी.

तिसरी गोष्ट मोजमापाची. गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ गाठीच्या पेशी नसतात. त्यात रक्तवाहिन्या, दाहाच्या पेशी, तंतू आणि कडेची निरोगी ऊतीही असते. मिर-१२६ हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींचा मायक्रोआरएनए आहे. क्लिअर सेल गाठीत बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, म्हणून तो तिथे जास्त भरतो. म्हणजे ही खूण गाठीच्या पेशीबद्दल काही सांगत नसून तिच्या शेजाराबद्दल सांगते. ते चुकीचे नाही, पण जिथे गाठीचा मधला भाग मृत झाला आहे किंवा व्रणासारखा झाला आहे, तिथून घेतलेल्या बायॉप्सीत हाच आकडा फसवू शकतो. त्यामुळे आरएनए काढण्यापूर्वी पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर गाठीचा भाग आखून देणे आणि त्यात गाठीच्या पेशी किती टक्के आहेत हे नोंदवणे, हे टाळून चालणार नाही.

पारिजात

वैनगंगा यांचे तिन्ही मुद्दे मला पटतात, आणि तिसऱ्या मुद्द्याला मी आणखी एक जोड देते. क्लिअर सेल गाठीत मिर-१४१ आणि मिर-२००सी यांची पातळी फार खाली गेलेली असते, हे २००८ पासून वारंवार सिद्ध झाले आहे. हे दोघे झेब-एक आणि झेब-दोन या प्रथिनांना दाबून पेशीचे आवरण-पेशीपण, म्हणजे शेजारच्या पेशींना घट्ट चिकटून अस्तर बनवण्याचा स्वभाव, सांभाळतात, म्हणून ‘हे घसरले, झेब मोकळे झाले आणि पेशी आक्रमक झाली’ अशी कथा सांगितली जाते. ती बरीचशी खरी असेलही. परंतु तुलना ज्या ‘निरोगी’ ऊतीशी केली जाते ती मूत्रपिंडाच्या बाहेरील थराचा तुकडा असतो, आणि त्यात नलिकेची सर्व टोके मिसळलेली असतात. ई-कॅडहेरिन हे प्रथिन, ज्याला मिर-२०० कुटुंब (मिर-१४१ आणि मिर-२००सी यातलेच) अप्रत्यक्षपणे जपते, ते नलिकेच्या शेवटाकडील पेशींत भरपूर असते आणि सुरुवातीच्या पेशींत त्याच्या जागी मुख्यतः एन-कॅडहेरिन असते. मग गाठीत मिर-२००सी कमी दिसला, तर तो कर्करोग होताना घसरला की ज्या पेशीतून गाठ आली तिच्यात तो आधीपासूनच कमी होता? मिसळलेल्या तुकड्याशी तुलना करून याचा निवाडा होत नाही. उपप्रकार ओळखण्यापुरते पाहिले तर दोन्ही शक्यतांत खूण उपयोगी ठरते, पण ‘हा मायक्रोआरएनए परत दिला की कर्करोग माघार घेईल’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हा फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

आकडेमोड

मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, जीवशास्त्राचा नाही, म्हणून फक्त माझ्या वाटणीचे लिहितो.

अशा अभ्यासांत अचूकता ९५ टक्क्यांच्या पुढे का जाते, याचे एक साधे कारण नमुन्यांच्या निवडीत असते. संशोधक आपल्या संग्रहातून निर्विवाद निदान असलेल्या गाठी घेतात, कारण तपासणीला शिकवण्यासाठी वापरायच्या नमुन्यांत शंकास्पद गाठीला कोणते नाव द्यावे हाच प्रश्न असतो. त्यामुळे ठळक क्रोमोफोब आणि ठळक ऑन्कोसायटोमा यांच्यात फरक करायला तपासणी शिकते. प्रत्यक्षात मात्र तिच्याकडे तीच गाठ पाठवली जाणार, जी ठळक नाही. ज्या परीक्षेला सोपे प्रश्न होते तिच्या गुणांवरून कठीण प्रश्नांचा अंदाज बांधण्यासारखे हे आहे.

यातून आणखी एक पेच उद्भवतो. बरोबर उत्तर कोणते हे ठरवणारा सूक्ष्मदर्शकच आहे, आणि आपला दावा तर असा आहे की अवघड गाठीत सूक्ष्मदर्शक अपुरा पडतो. मग त्या गाठीत मायक्रोआरएनए आणि सूक्ष्मदर्शक यांचे उत्तर वेगळे आले, तर चूक कोणाची मोजायची? यासाठी दोघांच्याही बाहेरचा साक्षीदार हवा. गुणसूत्रांची नक्कल-मोजणी, म्हणजे गाठीच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या किती प्रती आहेत हे मोजणे, हा तसा एक साक्षीदार होऊ शकतो, कारण क्रोमोफोबमध्ये १, २, ६, १०, १३, १७ आणि २१ ही गुणसूत्रे एकत्रितपणे हरवण्याची ठेवण बऱ्याच गाठींत आढळते, असे मी वाचले आहे. दुसरा साक्षीदार म्हणजे काळ, अर्थात रुग्णाचे पुढे अनेक वर्षांत काय झाले याची नोंद.

क्रोमोफोबच्या बाबतीत संख्येचीही अडचण आहे. द कॅन्सर जीनोम अॅटलस या कर्करोगांच्या जनुकीय नोंदी करणाऱ्या मोठ्या प्रकल्पाच्या मुख्य अभ्यासांत क्लिअर सेलचे ४०० हून अधिक नमुने होते, पॅपिलरीचे १६१ आणि क्रोमोफोबचे ६६. ६६ नमुन्यांतून शेकडो मायक्रोआरएनएंमधली सर्वोत्तम जोडी निवडली, तर त्या निवडीत योगायोगाचा वाटा किती आहे हे दुसऱ्या, पूर्णपणे वेगळ्या रुग्णालयातल्या नमुन्यांवर पारखल्याशिवाय सांगता येत नाही. एकाच संचाचे दोन भाग करून केलेली पारख पुरेशी नाही, कारण दोन्ही भागांत फॉर्मेलिनमध्ये ठेवण्याचा कालावधी, यंत्र आणि तंत्रज्ञ सारखेच असतात.

मोगरा

चर्चा फार उपयुक्त चालू आहे. मी परिचारिका आहे. आमच्याकडे येणारे नातेवाईक ‘सुई न टोचता रक्तावरून कळणार नाही का’ असे हमखास विचारतात, आणि मायक्रोआरएनए रक्तातही सापडतात असे मी वाचले होते. मग उपप्रकार रक्तावरून किंवा लघवीवरून ओळखण्याचे काम कुठवर आले आहे?

पारिजात

मोगरा, रक्तद्रवात मायक्रोआरएनए टिकून राहतात हे २००८ मध्ये स्पष्ट झाले आणि त्यानंतर या दिशेने अक्षरशः झुंबड उडाली. मूत्रपिंडाच्या बाबतीत २०११ मध्ये मिर-१२३३ पुढे आला; कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात तो निरोगी लोकांपेक्षा जास्त आढळला. पण त्याच अभ्यासात ऑन्कोसायटोमा आणि अँजिओमायोलायपोमा या निरुपद्रवी गाठींच्या रुग्णांतही तो तितकाच आढळला होता. म्हणजे ज्या फरकासाठी आपण तपासणी शोधत आहोत, नेमका तोच फरक तिला करता येत नव्हता. मिर-३७८ बद्दल एका गटाने तो वाढतो असे सांगितले आणि दुसऱ्या गटाला तसे काही आढळले नाही.

अशा विसंगतीचे एक कारण तुमच्या रोजच्या कामातले आहे, म्हणून विस्ताराने लिहिते. लाल रक्तपेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ प्रचंड प्रमाणात असतात. रक्त काढताना सुई बारीक असली, सिरिंज जोरात ओढली गेली, किंवा नळी वेगळी करण्याआधी तासन्‌तास तशीच राहिली की काही पेशी फुटतात आणि त्यांच्यातला मायक्रोआरएनए रक्तद्रवात मिसळतो. डोळ्यांना द्रव गुलाबी दिसण्यापूर्वीच हा परिणाम मोजमापात उतरलेला असतो. त्यात मिर-१६ ला ‘स्थिर’ मानून इतरांची पातळी त्याच्या तुलनेत काढण्याची पद्धत बरीच वर्षे प्रचलित होती. पेशी फुटल्या की हा तुलनेचा पायाच वर उचलला जातो आणि बाकीचे सर्व आकडे खोटेच खाली गेलेले दिसतात. रुग्णाचे रक्त वॉर्डात सकाळी घाईत घेतले आणि निरोगी व्यक्तीचे रक्त निवांतपणे शिबिरात घेतले, तर दोन गटांतला फरक कर्करोगाचा की रक्त घेण्याच्या पद्धतीचा, हे सांगता येणार नाही. आता काळजीपूर्वक काम करणारे गट मिर-४५१ आणि मिर-२३ए यांचे गुणोत्तर आधी तपासतात आणि पेशी फुटलेला नमुना बाद करतात.

याउलट एक यशस्वी उदाहरण मूत्ररोगशास्त्रातच आहे आणि ते मला फार उद्बोधक वाटते. वृषणाच्या बीजपेशींच्या कर्करोगात रक्तातील मिर-३७१ए ही तपासणी उत्तम चालते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तिची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जण सापडतात) सुमारे ९० टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर ‘नाही’ म्हटले जाते) सुमारे ९४ टक्के होती. तिथे यश का मिळाले? मिर-३७१ए हा भ्रूणावस्थेतल्या पेशींचा मायक्रोआरएनए आहे आणि प्रौढ निरोगी शरीरात तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो रक्तात दिसला की त्याचा उगम कुठे शोधायचा हे उघड असते. त्याच कर्करोगाचा टेराटोमा हा प्रकार तो सोडत नाही, म्हणून टेराटोमा या तपासणीतून निसटतो. म्हणजे तपासणी कुठे फसणार हेही जीवशास्त्रच सांगून जाते. मूत्रपिंडाच्या गाठीत असा एकमेव तिचाच म्हणता येईल असा मायक्रोआरएनए अद्याप हाती नाही. मिर-२१० ऑक्सिजनच्या कमतरतेत कुठल्याही पेशीत वाढतो आणि मिर-२१ जवळपास प्रत्येक कर्करोगात आणि दाहातही वाढतो. ऊतीच्या आत या खुणा बोलक्या आहेत, कारण आपण गाठीच्याच पेशी मोजत असतो. रक्तात आल्यावर त्या साऱ्या शरीराच्या गर्दीत मिसळून जातात.

लघवीकडून अपेक्षा जास्त ठेवता येते, कारण ती त्या नलिकांतूनच येते. तरीही बहुतेक गाठींचा नलिकेच्या पोकळीशी थेट संबंध राहिलेला नसतो, आणि लघवीचे पातळपण दिवसभरात बदलत असल्यामुळे तुलनेचा प्रश्न तिथे आणखी कठीण होतो.

आकडेमोड

रक्ताच्या तपासणीबद्दल एक साधा हिशेब, केवळ समजण्यासाठी घेतलेल्या काल्पनिक आकड्यांवर. समजा १,००० लोकांची तपासणी केली, त्यांतल्या पाच जणांना खरोखर गाठ आहे, आणि तपासणीची संवेदनशीलता व विशिष्टता दोन्ही ९० टक्के आहेत. पाचांपैकी चार किंवा पाच जण सापडतील, पण उरलेल्या ९९५ निरोगी लोकांपैकी साधारण १०० जणांनाही ‘गाठ असावी’ असे सांगितले जाईल. ऊतीवरील तपासणीला हा धोका तितका नाही, कारण तिथे गाठ आहे हे आधीच ठाऊक असते आणि दोन जवळपास तुल्यबळ शक्यतांतून निवड करायची असते. म्हणून या दोन तपासण्यांची चर्चा एकाच वाक्यात करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. वैनगंगा यांनी सांगितलेल्या सीके-सेव्हन रंजनाबद्दल डॉक्टरांना विचारले. ते करायचे ठरले होते, पण ठोकळ्यात आता पुरेशी ऊती शिल्लक नाही असे कळले, कारण पहिल्या रंजनांतच बरीच संपली. गाठ वाढते का हे पाहण्यासाठी सहा महिन्यांनी पुन्हा सीटी स्कॅन करायचे ठरले आहे आणि सासरे त्या निर्णयावर समाधानी आहेत. ऊती संपणे ही गोष्ट नेहमी घडते का?

वैनगंगा

कृष्णाकाठ, दुर्दैवाने नेहमी घडते. सुईच्या बायॉप्सीत येणारी ऊती म्हणजे शेवईच्या तुकड्याएवढी असते, आणि प्रत्येक वेळी ठोकळा यंत्रावर चढवला की पृष्ठभाग समतल करण्यातच काही काप वाया जातात. त्यामुळे पहिले रंजन पाहून दुसरे, दुसरे पाहून तिसरे, असे तीन वेळा ठोकळा कापला की शेवटी काहीच उरत नाही. मूत्रपिंडाची बायॉप्सी आली की पहिल्याच वेळी आठ-दहा जादा काप काढून कोऱ्या स्लाइडवर ठेवावेत, म्हणजे नंतर लागणारी रंजने त्यांवर करता येतात आणि आरएनए काढण्यासाठीही दोन-तीन काप हाताशी राहतात.

पारिजात आणि आकडेमोड यांनी उभा केलेला प्रश्न सोडवायचा तर तो याच कोऱ्या कापांवर सुटेल असे मला वाटते. ज्या रुग्णांच्या बायॉप्सीचा अहवाल ‘ठरवता येत नाही’ असा आला आणि पुढे ज्यांची संपूर्ण गाठ शस्त्रक्रियेने निघाली, अशांचे बायॉप्सीचे काप आणि काढलेली गाठ, दोन्ही प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या संग्रहात असतात. गाठीचे अनेक ठिकाणचे नमुने पाहून ठरवलेले अंतिम निदान आणि गुणसूत्रांची मोजणी एका बाजूला, आणि बायॉप्सीच्या दोन कापांवर मोजलेले मिर-२००सी व मिर-१३९ दुसऱ्या बाजूला, असे ठेवून मोजणाऱ्याला अंतिम निदान न सांगता तुलना करावी. असे रुग्ण एका रुग्णालयात वर्षाला मोजकेच निघतील, म्हणून अनेक रुग्णालयांना एकत्र यावे लागेल, आणि त्याआधी फॉर्मेलिनमध्ये ऊती किती तास ठेवायची हे सर्वांनी सारखे करावे लागेल. आमच्या विभागात जादा काप ठेवण्याची पद्धत सुरू करून दोन वर्षे झाली. स्लाइडच्या पेटीवर तारीख आणि फॉर्मेलिनचे तास लिहून ठेवतो.